टाचणीएवढं तांबं

माझे वडील पहिल्यांदा पडले ते तोंड धुताना. बेसिनसमोर उभं राहून त्यांनी चेहऱ्याला साबण लावला, डोळे मिटले आणि उभा माणूस तसाच बाजूला कलंडला. नळ वाहतच होता. आई धावली, मी धावले. अप्पा फरशीवर बसून, डोळ्यांत साबण, म्हणाले, "काही नाही, सुम्ने पाय सरकला." सुम्ने म्हणजे उगीच. म्हैसूरच्या आमच्या घरातल्या मराठीत असे कन्नड शब्द कुणाला न विचारता येऊन बसतात.

पाय सरकला नव्हता. फरशी कोरडी होती. डोळे मिटले की आपले पाय कुठे आहेत हे त्यांना कळेनासं झालं होतं, आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला आमच्या शिकल्यासवरल्या घराला अर्धं वर्ष लागलं. त्या अर्ध्या वर्षाचा मला अजून राग आहे. त्यानंतर जे झालं त्याचा जास्त आहे.

अप्पा हेब्बाळच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आम्ही मूळचे रंगारी. पणजोबांपर्यंत कापड रंगवणं आणि छापणं हाच घरचा धंदा. पुढे गिरण्यांच्या कापडाने तो बुडाला आणि आमची माणसं मिळेल त्या कामाला लागली. अप्पा म्हणायचे, "आजा लुगडी छापायचा, मी पत्रकं छापतो. त्याचा रंग धुतला की जायचा, माझा जात नाही." मजकूर ते मराठीत लिहीत, कारण राग त्यांना मराठीत येई. मग स्वतःच त्याचं कन्नड करत आणि देवराज मोहल्ल्यातल्या एका बोळातल्या छापखान्यातून गठ्ठे घेऊन येत. मी त्या गठ्ठ्यांवर बसून जेवले, त्यांच्यावर डोकं ठेवून झोपले, त्यांच्यावरच अक्षरं शिकले. कन्नडमध्ये मी वाचलेला पहिला शब्द 'होराटा' होता. लढा. पत्रकाचे नियमही मला शाळेच्या आधी पाठ होते: वाक्य लहान, शत्रू एक, मागणी स्पष्ट. 'कदाचित' हा शब्द पत्रकात चालत नाही. ज्याला शंका आहे त्याने पत्रक काढू नये, असं अप्पांचं मत.

साथीच्या काळात कारखाना बंद पडून पुन्हा सुरू झाला तेव्हा अप्पांनी लिहिलेलं पत्रक माझ्या मते त्यांचं सर्वांत चांगलं होतं. बसमध्ये अंतर ठेवून बसवा, आजारी माणसाचा पगार कापू नका, प्राणवायूची सोय करा, मास्क द्या, प्रतिकारशक्तीच्या गोळ्या द्या. कंपनीने वरच्या सगळ्या मागण्या बाजूला ठेवल्या आणि शेवटची मान्य केली. ती सगळ्यांत स्वस्त होती. झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या गोळ्या, भरपूर ताकदीच्या. गेटवर पेढे वाटले गेले. अप्पांनी विजयाचं पत्रक काढलं. पुढे साथ ओसरली, पण गोळ्या राहिल्या, कारण त्या करारात शिरल्या होत्या. दर महिन्याला टाइम ऑफिसच्या खिडकीतून पाकीट मिळे. किती दिवस खायच्या, कुणी खायच्या, कधी थांबायचं, हे कंपनीने सांगितलं नाही आणि युनियनने विचारलं नाही.

बऱ्याच जणांनी त्या लॉकरमध्ये टाकल्या, काहींनी घरी बायकोला दिल्या. अप्पांनी खाल्ल्या. सकाळी एक, रात्री एक, सर्दी वाटली की दुपारी आणखी एक. "न वापरलेला हक्क गंजतो," ते म्हणत. त्यांचं बघून शेजारच्या मशीनवरचा त्यांचा मित्रही खाई. हा एच. डी. कोटे तालुक्यातल्या खेड्याकडचा माणूस, अप्पांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, कन्नड बोलणारा. अप्पांनी त्याला काम शिकवलं होतं, युनियनमध्ये आणलं होतं, आमच्याच गल्लीत भाड्याचं घर बघून दिलं होतं. रोज तो अप्पांना आपल्या गाडीवर मागे बसवून कामाला नेई. मी त्याला मामा म्हणते. त्याच्यासाठी अप्पा सांगतील तो शब्द शेवटचा.

अप्पा पडल्यावर आम्ही डॉक्टरकडे गेलो. साखर तपासली, नव्हती. रक्त कमी निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाय बधिर आहेत म्हटल्यावर बी-बाराची इंजेक्शनं झाली. काही फरक पडेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले की वय झालं. अप्पा अजून निवृत्तही झाले नव्हते. त्यांची चाल बदलली. जमीन खरंच तिथे आहे का याची खात्री करून घेत असल्यासारखे ते टाच आपटत चालू लागले. एकदा बसथांब्यावरून घरी आले ते एका पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे निघाली हे त्यांना कळलंच नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. अप्पा हसले. मी चप्पल शोधायला परत गेले आणि ती रस्त्याच्या मधोमध पडलेली दिसली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

खरी गोष्ट पकडली ती माझ्या आत्याने. अप्पांची ही धाकटी बहीण शास्त्रज्ञ आहे. शहरातल्याच एका प्रयोगशाळेत तिने सगळी नोकरी तांबं, जस्त, सेलेनियम असल्या, शरीरात नावापुरत्या असणाऱ्या धातूंवर काढली. नाचणीत किती, हुलग्यात किती, त्यातलं गरोदर बाईच्या रक्तात किती उतरतं, कशामुळे अडतं. या कामाला टाळ्या नाहीत. लोकांनी तिला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला: मॅडम, तांब्याच्या बाटलीतलं पाणी चांगलं का? एका बाटलीवाल्याला जाहिरातीसाठी तिचा पांढऱ्या कोटातला फोटो हवा होता. तिने नाही म्हटलं, तर तिच्याच वरिष्ठांनी तिला समजावलं की संस्थेचं नाव झालं असतं.

मी लहान असताना ती मला सांगायची, "माणसाच्या अंगातलं सगळं तांबं गोळा केलं ना, तर एक टाचणी होईल. ती टाचणी काढून घेतली तर माणूस उभा राहत नाही." मला ते बोलण्याची एक पद्धत वाटे. आत्याला बोलण्याच्या पद्धती नाहीत. ती जे आहे तेच बोलते. एकदा तिने मला तिचं यंत्र दाखवलं होतं. त्यात प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा लागतो. तांब्याचा दिवा लावला तर यंत्राला तांबं दिसतं. तो लावलाच नाही, तर समोर कितीही असो वा नसो, यंत्र आंधळं. अप्पांच्या बाबतीत साखरेचा दिवा लागला, बी-बाराचा लागला, वयाचा तर आपोआपच लागला.

गौरीच्या सणाला आमच्याकडे भावाने बहिणीला चोळीचा खण आणि बांगड्या द्यायच्या असतात. त्या वर्षी आत्या आली, पाटावर बसली, आणि अप्पा ताट घेऊन आतून निघाले. हातात ताट, नजर ताटावर, त्यामुळे पायांकडे बघता येईना. तीन पावलांत ते असे झोकांडले की बांगड्या फरशीवर पसरल्या. आईने अपशकुन म्हणून तोंडावर हात ठेवला. आत्या बांगड्यांकडे बघत नव्हती. ती अप्पांच्या पायांकडे बघत होती.

"अण्णा, पाय जुळवून उभा राहा," ती म्हणाली. "आता डोळे मीट."

"सणाच्या दिवशी कवायत घेतेस का गं?" अप्पांनी डोळे मिटले आणि ते झुलायला लागले. आत्याने उठून त्यांना खांद्याला धरलं. मग तिने त्यांना खाली बसवलं आणि ते दिवसभरात काय काय खातात हे विचारायला सुरुवात केली. जेवण झालं, औषधं झाली. शेवटी अप्पा स्वतःच म्हणाले की बाकी काही नाही, फक्त आमची युनियनची गोळी. 'आमची' म्हणताना त्यांचा आवाज बदलला. पाकीट त्यांनी कपाटातून आणायला लावलं, घरातली वस्तू पाहुण्याला दाखवावी तसं.

आत्याने मागची बारीक अक्षरं वाचली. "कधीपासून?"

"मिळाली तेव्हापासून. एक दिवस चुकवली नाही."

आत्याने पाकीट आपल्या पर्समध्ये टाकलं. मग तिने अगदी सोप्या शब्दांत सांगितलं. जस्त फार झालं की आतड्याच्या आतल्या थराला वाटतं आता राखण वाढवली पाहिजे. ती राखण जस्तापेक्षा तांब्यालाच जास्त घट्ट धरून ठेवते. अन्नातून आलेलं तांबं तिथेच अडकतं. काही दिवसांनी तो थर गळून पडतो आणि तांबं त्याच्याबरोबर बाहेर जातं. रक्तात पोचतच नाही. आधी रक्त कमी होतं, मग पाठीच्या कण्यातल्या शिरा, म्हणजे मज्जातंतू, निकामी होतात.

आईला हे अजिबात पटेना. "तांबं कमी? आमच्यात? रोज तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितात ते. चिंच लावून मी घासते."

"वैनी, तुम्ही पाणी भरता ते वरून. हे खालून गळतंय," आत्या म्हणाली. "आणि त्या हंड्याला आतून कल्हई आहे."

दुसऱ्या दिवशी ती रक्त घ्यायला स्वतःच्या नळ्या घेऊन आली. साध्या नळीच्या रबरी बुचातूनच जस्त उतरतं, म्हणून त्या चालत नाहीत. रक्त काढणाऱ्या पोऱ्याने, रक्त ते रक्तच असतं बाई, असं ऐकवलं, तेव्हा तिने त्याला बुचाबद्दल एवढं सांगितलं की त्याने मुकाट तिचीच नळी उचलली. आकडा आला तेव्हा तिने फोन केला नाही. पुन्हा तपासलं, दुसऱ्या प्रयोगशाळेतूनही तपासून घेतलं आणि मग संध्याकाळी येऊन, पर्स मांडीवर तशीच धरून बसली.

"अण्णा, तुझ्या रक्तात तांबं जवळजवळ नाहीच."

अप्पांनी विचारलं, "म्हणजे आम्ही भांडून घेतलेली..." आणि वाक्य तिथेच सोडलं. अप्पांनी वाक्य अर्धं सोडलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी गोळी त्याच दिवशी बंद केली. डॉक्टरच्या सल्ल्याने तांब्याची गोळी सुरू झाली, जी सगळी दुकानं पालथी घातल्याशिवाय मिळत नाही. महिन्याभरात चेहऱ्यावर रंग आला, रक्त सुधारलं, धाप थांबली. पाय तसेच राहिले. शिरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजार आता थांबेल, पण गेलेलं परत येईलच असं नाही. अप्पांनी काठी घेतली. कारखान्याने त्यांना मशीनवरून काढून हजेरीच्या टेबलावर बसवलं, आणि लेथ चालवणाऱ्या हातांनी ते रजिस्टरची पानं उलटू लागले.

मला वाटलं होतं, आता पत्रक निघेल. सगळ्या घराला तेच वाटलं असणार. जो माणूस कँटीनच्या सांबारात डाळ कमी पडली तर पत्रक काढतो, तो यावर गप्प बसेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मामाला तर तेव्हाच तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. आमच्या ओट्यावर बसला की चप्पल काढून तो पाय चोळत राही, आणि विचारलं तर म्हणे, गाडी जास्त चालवतो म्हणून.

आत्याने आपल्या परीने हालचाल केली. तिला कामगारांचं रक्त तपासायचं होतं. जे गोळ्या खातात त्यांचं, जे खात नाहीत त्यांचं, रीतसर, परवानगीने. कंपनीने उत्तर दिलं की युनियनची संमती आणा. युनियनची कमिटी आमच्याच हॉलमध्ये बसली, कारण अप्पांना आता जिना चढून ऑफिसात जाता येत नव्हतं. मी आतल्या खोलीतून सगळं ऐकलं. नवा करार महिन्या-दोन महिन्यांवर आला होता. अध्यक्षांनी सांगितलं की मॅनेजमेंट औषधोपचाराचं सगळं कलमच उडवायला टपलं आहे. आपणच म्हटलं की आपली मागणी चुकली, तर ते म्हणतील, तुम्हाला काय हवं ते तुम्हालाच कळत नाही, मग आम्हीच ठरवतो. करार होईपर्यंत कुणी रक्त देऊ नये. मतं घेतली. अप्पांनी काठी भिंतीला टेकवली आणि हात वर केला.

सगळे गेल्यावर मी हॉलमध्ये गेले.

"तुम्ही हात वर केलात, अप्पा."

"केला."

"मामांच्या पायांना मुंग्या येतात. तुम्ही बघता रोज."

"करार होऊ दे, पुट्टी." लहानपणापासून ते मला पुट्टी म्हणतात, छोटी. "एक कलम आपण सोडलं की ते पाच काढून घेतात. तू अजून त्या टेबलासमोर बसलेली नाहीस."

"मग त्यांना एकट्याला कानात तरी सांगा."

"कानातलं गेटवर पोचायला एक पाळी लागते."

"तुमचे पाय गेलेत. त्यांचे जायचेत अजून."

त्यावर ते म्हणाले, "साकु." पुरे. आमच्या घरात हा शब्द कुत्र्याला हाकलताना वापरतात.

मी आत्याकडे गेले. माझी खात्री होती की ती सही देईल, शास्त्रज्ञाची सही असली की पत्रक कुणी फाडत नाही. आत्याने मला कॉफी दिली आणि नाही म्हणाली. एका माणसाच्या रक्तावरून शंभर माणसांबद्दल काही सांगता येत नाही. अण्णा तीन-तीन गोळ्या खायचा, बाकीचे किती खातात हे तिला माहीत नाही. मुंग्या शंभर कारणांनी येतात. ज्याला त्रास होतो त्याने तपासून घ्यावं, एवढंच ती म्हणू शकते. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, एकाला करार हवा आणि एकीला पुरावा, मधल्या मधे माणसं लंगडी होणार. ती रागावली नाही. म्हणाली, "मी आज खात्रीने खोटं बोलले, तर उद्या तो बाटलीवाला खात्रीने बोलेल तेव्हा मी कुठल्या तोंडाने अडवू?" मला तेव्हा हे भित्रेपणाचं वाटलं. आज तसं वाटत नाही. राग मात्र आहे, कारण तिच्या प्रामाणिकपणानेही एक पाय वाचला नाही.

शेवटी मीच लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी 'कदाचित' शब्द असलेलं पत्रक लिहिलं. गोळी ठराविक काळापुरतीच घ्यायची असते. वर्षानुवर्षं घेतली तर कदाचित अंगातलं तांबं कमी होतं. पायांना मुंग्या येत असतील, चप्पल निसटत असेल, डोळे मिटून उभं राहता येत नसेल, तर गोळी थांबवून डॉक्टरला दाखवा. मोफत तपासणी मागा, हा तुमचा हक्क आहे. खाली मी माझं नाव टाकलं. अप्पांच्या पायांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ते सांगणं त्यांचं काम होतं.

सकाळची पाळी सुटताना मी गेटवर उभी राहिले. कंपनीच्या बसगाड्या रांगेत उभ्या होत्या, गाड्यांचे हॉर्न, रोजचा गोंधळ. पहिल्या पन्नास-साठ जणांनी पत्रक घेतलं, कारण माझा चेहरा ओळखीचा होता. मग कुणीतरी वाचलं. एक जण म्हणाला, करार तोंडावर असताना गोळ्या बंद करा असं कोण सांगतं, तर कंपनी. दुसरा म्हणाला, पोरगी मोठ्या पगाराच्या आयटीत शिरली असेल, तिकडून शिकून आली. तिसऱ्याने कागदाची पुडी करून त्यात शेंगदाणे ओतले. पत्रकाने एकच शत्रू दाखवायचा असतो असं ज्यांना आम्हीच शिकवलं होतं, त्यांनी माझ्या पत्रकात शत्रू शोधला, आणि त्यांना मी सापडले.

तेवढ्यात अप्पा हजेरीच्या खोलीतून बाहेर आले, काठी टेकत, टाच आपटत. मामा त्यांच्यासाठी गाडी घेऊन उभा होता. त्याच्या हातात माझं पत्रक होतं. त्याने ते अप्पांपुढे धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कन्नडमध्ये विचारलं, "अण्णा, मुलगी असं लिहिते. तुमच्या पायांना खरं काय झालं?"

आवाजात टोमणा नव्हता. त्याला जाणून घ्यायचं होतं. त्याचा उजवा पाय तेव्हाही चपलेत चाचपडत होता, हे मला दिसत होतं, अप्पांनाही दिसत असणार. आजूबाजूची माणसं थांबली. अप्पांनी पत्रक घेतलं आणि पूर्ण वाचलं. छपाईतली चूक शोधताना वाचतात तसं, सावकाश, खालच्या ओळीपर्यंत. मग घडी घालून खिशात ठेवलं.

"साखर आहे मला," ते म्हणाले.

मामाने श्वास सोडला. कुणीतरी हसलं. अप्पा पुढे म्हणाले, पोरगी आहे, बापाची काळजी वाटते तिला, मनावर घेऊ नका. ते मामाच्या गाडीवर मागे बसले. बसताना त्यांना पाय उचलून पावदानावर ठेवायला मामानेच हाताने मदत केली. मी उरलेली पत्रकं घेऊन पायी घरी आले.

करार झाला. औषधोपचाराचं कलम वाचलं, गोळ्या वाचल्या. अप्पांना वैद्यकीय कारणाने मुदतीआधी निवृत्ती मिळाली, सत्कार झाला, शाल मिळाली. सत्कारात अध्यक्षांनी साखरेवर काय पथ्य करावं हे सांगितलं. मी गेले नव्हते, आईने येऊन सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरेना. घरात त्या दिवशी एवढं एकच माणूस हसलं. आत्याने अभ्यासासाठी पुन्हा अर्ज केला. तो आता संस्थेतच अडकला आहे, कारण या विषयात कुणाला रस नाही असं तिला तोंडी कळवलं गेलं. मी अप्पांशी कामापुरतं बोलू लागले. औषध घेतलंत का, दिवा मालवू का, एवढंच.

मग एका रविवारी मामा आला. ओट्यावर बसला, सवयीने चप्पल काढून पाय चोळला आणि खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली.

"अण्णा, तुम्हाला आता कंपनीकडून मिळत नाहीत ना. माझ्यातल्या अर्ध्या तुम्हाला."

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता तरी. करार झाला आहे, गेट नाही, कमिटी नाही, ऐकायला फक्त मी आहे. अप्पांनी पाकिटं हातात घेऊन उलटसुलट केली. त्यांचा चेहरा मला ओळखता येईना.

"अर्ध्या का?" ते म्हणाले. "सगळ्या दे."

मामा गोंधळला. "सगळ्या?"

"मला लागतात. तुला काय करायच्यात, धडधाकट माणूस तू. दर महिन्याला आण. एकसुद्धा घरी ठेवू नको, मला कमी पडतील."

मामाचा चेहरा उजळला. अण्णांनी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्याने लगेच कबूल केलं, आणि घरी कपाटात थोड्या शिल्लक आहेत त्याही आणतो म्हणाला. आणल्याही, त्याच दुपारी. तो गेल्यावर अप्पांनी पाकिटं माझ्याकडे दिली. मी एकेक गोळी फोडून संडासात टाकली आणि पाणी सोडलं.

दर महिन्याला आता हेच चालतं. मामा येतो, देतो, कॉफी पितो. त्याच्या मुंग्या वाढलेल्या नाहीत, हल्ली कमी आहेत असं त्याला वाटतं. आत्याला सांगितलं तर म्हणते चांगलं झालं, पण हा पुरावा नव्हे. आईचं म्हणणं असं की बापाने मित्राला वाचवलं, आता तू तोंड सरळ कर. माझ्याने ते होत नाही. एकट्याला चोरवाटेने बाहेर काढलं म्हणजे सुटका झाली असं नाही, हे मला याच माणसाने शिकवलं, अक्षरं शिकायच्या वयात. टाइम ऑफिसच्या खिडकीसमोर बाकीच्यांची रांग अजून लागते. त्यातल्या कितीजणांच्या चपला वाटेत निसटतात हे कुणी मोजत नाही. आणि गेटवर मी अजून कंपनीची माणूस आहे.

गेल्या महिन्यात मामा आला तो पिशवी घेऊन. त्याने खात्यात सांगितलं होतं म्हणे, अण्णांना या गोळ्यांनी बरं वाटतं पण पुरत नाहीत. तर काहीजणांनी आपापली पाकिटं काढून दिली. आपल्या लॉकरमधली, घरची. एकाने तर बायको रागावली तरी दिली. अप्पांनी पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसले.

"अजून लागल्या तर सांगा, अण्णा," मामा म्हणाला. "पोरं द्यायला तयार आहेत."

"लागतील," अप्पा म्हणाले.